मर्यादा सांगणारं गद्य

रक्तातली साखर मोजण्याच्या रिएजंटचं खोकं उघडलं की बाटल्यांसोबत घड्या घातलेला एक पातळ कागद हाती लागतो. टाइप बारीक, छपाई दोन्ही बाजूंना, मध्ये एखादा तक्ता. सांगली-मिरजेच्या किंवा कऱ्हाड-साताऱ्याच्या लॅबमध्ये तो बहुधा ड्रॉवरमध्ये जातो, आणि ‘दहा मायक्रो सॅम्पल, एक एमएल रिएजंट, दहा मिनिटं’ एवढंच हाताला पाठ राहतं. या कागदाला कुणी साहित्य म्हणणार नाही. पण शब्द तोलून लिहिलेलं आणि एकही विशेषण फुकट न घालवणारं गद्य म्हणून वाचला, तर त्याची गोडी कळू लागते. इथे वाचायला घेतलेला कागद एका कुठल्या कंपनीचा नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही दोन विकरं वापरणाऱ्या, म्हणजे लॅबच्या बोलीतल्या ‘गॉड-पॉड’ किटांमध्ये जो साचा सर्रास आढळतो, त्याचं हे वाचन आहे.

या मजकुराला लेखक आहे तसा एक कठोर वाचकही आहे, आणि तो आधीच ठरलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. त्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली वैद्यकीय उपकरणांचे नियम केले आणि ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. हृदयातली कृत्रिम झडप जशी या नियमांत उपकरण, तसंच शरीराबाहेर, काचेच्या नळीत करायच्या चाचणीचं रिएजंटही उपकरणच. धोक्याच्या चढत्या क्रमाने ए, बी, सी, डी असे चार वर्ग. खालच्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो, वरच्या दोन वर्गांचा दिल्लीच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून. माल परदेशातून येणार असेल तर वर्ग कोणताही असो, दिल्लीलाच जावं लागतं. अर्जासोबतच्या कागदपत्रांत लेबल आणि हे पत्रकही असतं. म्हणजे आपल्या प्रत्येक दाव्याचा पुरावा कुणीतरी मागणार आहे, हे लिहिणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. सगळ्या मजकुराचा संयम या जाणिवेतून आलेला आहे.

ऊसपट्ट्यातल्या वाचकाला या परवान्याचं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, तरी हंगामात काटामारीची ओरड होतेच. कारण शिक्का काट्यावर असतो, काट्याशी बसलेल्या माणसाच्या दानतीवर नसतो. चाचणीच्या परवान्याचंही तसंच. सांगितलेल्या रीतीने केली तर ही चाचणी नीट मोजते, एवढीच त्याची हमी. ती सांगितलेली रीत म्हणजे हे पत्रक. कंपनीची जबाबदारी कुठे संपते आणि लॅबवाल्याची कुठे सुरू होते, हे या कागदावर ठरतं. हे ध्यानात ठेवून वाचलं की त्यातली कोरडी वाक्यं एकदम बोलकी होतात.

रचना ठरीव आहे: उद्देश, तत्त्व, घटक, साठवण, नमुना, कृती, गणित, कार्यक्षमता, मर्यादा. पोवाड्यालाही ठरलेला साचा असतो, आणि शाहिराचं कसब त्या साच्याच्या आतच दिसतं. इथेही लिहिणाऱ्याला साचा बदलण्याची मुभा नाही. त्याला फक्त शब्द निवडता येतात.

पहिलं वाक्य उद्देशाचं. माणसाच्या सिरममधल्या किंवा प्लाझ्मामधल्या ग्लुकोजचं प्रमाण मोजण्यासाठी, असं ते सांगतं. मधुमेहाचं निदान करण्यासाठी, असं छातीठोकपणे म्हणत नाही; फार तर निदानाला साहाय्य करण्यासाठी, इथवर येऊन थांबतं. ‘माणसाच्या’ या शब्दाने गोठ्यातली म्हैस बाद होते. ‘सिरम किंवा प्लाझ्मा’ या शब्दांनी बोट टोचून काढलेला अख्ख्या रक्ताचा थेंब बाद होतो. या ओळीत जे बसत नाही त्याची परीक्षा कंपनीने दिलेली नाही आणि शासनाने घेतलेली नाही. तसलं काही या किटवर करून रिपोर्ट दिला तर तो लॅबने आपल्या जिवावर द्यायचा. एवढ्या थोड्या शब्दांत इतकं काही नाकारणारी ओळ ललित गद्यातही सहसा भेटत नाही.

तत्त्वाच्या परिच्छेदात एक गोष्ट आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजला गाठतं आणि ऑक्सिजनच्या मदतीने त्याचं ग्लुकोनिक आम्ल करतं. या खटपटीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग पेरॉक्सिडेज पुढे येतं आणि त्या पेरॉक्साइडच्या जोरावर फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरिन यांच्यापासून गुलाबी-लाल रंग करतं. साखर जेवढी जास्त तेवढा रंग गडद. ५०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात तो मोजायचा. रंगाची ही युक्ती ट्रिंडर यांनी १९६९ साली मांडली आणि आजच्या किटांत तीच चालते. तिच्या आधी ऑर्थो-टोल्युइडीनची पद्धत होती: ॲसेटिक आम्लात नळ्या उकळायच्या, हिरवा रंग यायचा, आणि करणाऱ्याच्या नाकातोंडात कर्करोगाला निमंत्रण देणारं रसायन जायचं. त्याहून जुन्या, तांब्याच्या क्षारांवर चालणाऱ्या फोलिन-वू पद्धतीत रक्तातले इतर पदार्थही साखर म्हणून मोजले जात, त्यामुळे आकडा फुगायचा.

या गोष्टीची खरी मौज पहिल्या विकराच्या हट्टात आहे. त्याला ग्लुकोजखेरीज दुसरं काही जवळजवळ दिसतच नाही. शुद्ध साखरेचं, म्हणजे सुक्रोजचं, पाणी नळीत घातलं तर रंग चढत नाही. कृष्णाकाठच्या कारखान्यांत केमिस्ट ज्या साखरेचा ‘पोल’ पोलॅरिमीटरवर बघतात, जिच्या उताऱ्यावर उसाचा दर आणि घराघरातला वर्षाचा हिशेब ठरतो, तिला ही साखरेची चाचणी ओळखच देत नाही! रेठरे बुद्रुकच्या कारखान्याचं पोतं असो की साखराळ्याच्या, त्यातली साखर पोटात जाऊन, पचून, निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज झाली की मग त्यातल्या ग्लुकोजची नोंद होते. हट्ट इथेच संपत नाही. पाण्यात ग्लुकोज अल्फा आणि बीटा अशा दोन रूपांत असतं आणि विकर बीटाशीच व्यवहार करतं. द्रावणात बीटा साधारण ६४ टक्के. ते खर्ची पडेल तसं अल्फाचं बीटा होत जातं. ‘दहा मिनिटं थांबा’ या रूक्ष सूचनेत हा बदल पुरा व्हायची वाट पाहणंही धरलेलं आहे. घाईत सातव्या मिनिटाला नळी वाचणाऱ्याला हे माहीत नसतं, पत्रकाला असतं.

नमुन्याचा परिच्छेद वरवर नुसता सूचनांचा, पण नाट्य आहे ते इथेच. शिरेतून काढलेलं रक्त बल्बमध्ये आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक असते. साध्या बल्बमध्ये, खोलीच्या तापमानाला, त्या ताशी ५ ते ७ टक्के ग्लुकोज फस्त करतात. आता सांगली-साताऱ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. विटा, शिराळा, पाटण अशा ठिकाणी सकाळी उपाशीपोटी घेतलेले नमुने कलेक्शन सेंटरवर जमतात, पिशवीत बसतात आणि मिरज, सांगली, कऱ्हाडच्या मोठ्या लॅबकडे निघतात. समजा एखाद्याची साखर खरोखर १३० आहे, म्हणजे दर डेसिलिटर प्लाझ्मात १३० मिलिग्रॅम. ताशी ६ टक्के घट धरली तर पहिल्या तासाला ती १२२ होते, दुसऱ्या तासाला ११५. उपाशीपोटी १२६ आणि त्यापुढे मधुमेह, अशी रेघ आहे. म्हणजे गाडी वाटेत चहाला थांबेपर्यंत माणूस त्या रेघेखाली आलेला असतो. यंत्र चुकलं नाही, किट चुकलं नाही, परवाना खोटा नाही. तरी रिपोर्ट चुकला. ‘पेशींपासून ताबडतोब वेगळं करा, अथवा फ्लोराइड वापरा’ या ओळीत हे सगळं प्रकरण मिटवून ठेवलेलं असतं. यावर एक पुस्ती जोडायला हवी, जी बऱ्याच पत्रकांत येत नाही. फ्लोराइड पेशींच्या साखर वापरण्याच्या साखळीतल्या उशिराच्या पायरीला अडवतं. त्यामुळे फ्लोराइड बल्बमध्येसुद्धा पहिला तास-दोन तास घट चालूच राहते, मग आकडा स्थिर होतो. म्हणून फ्लोराइड हा रक्त घेऊन लगेच सेंट्रिफ्यूज करण्याला खरा पर्याय नाही.

कृतीच्या भागात निवेदकाचा सूर आज्ञार्थी होतो. तीन नळ्या: ब्लँक (नुसतं रिएजंट), स्टँडर्ड, टेस्ट. तिन्हींत रिएजंट १००० मायक्रोलिटर. स्टँडर्डमध्ये १०० मिलिग्रॅमचं द्रावण १० मायक्रोलिटर, टेस्टमध्ये रुग्णाचा प्लाझ्मा तेवढाच. ३७ अंशांवर १० मिनिटं, किंवा खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं. या नेमक्या गद्यात एवढाच एक शब्दप्रयोग सैल पडला आहे: ‘खोलीचं तापमान’. जतच्या मे महिन्यातली खोली आणि महाबळेश्वरची डिसेंबरातली खोली एका तापमानाची नसते, आणि विकरांचा वेग तापमानावर हलतो. पत्रकाच्या मनातली खोली साधारण २५ अंशांची असते. सेमी-ऑटो ॲनालायझर आणि इन्क्युबेटर असलेल्या लॅबला याने फरक पडत नाही. वीज गेलेल्या दुपारी टेबलावर नळ्या ठेवून बसणाऱ्याला पडतो. त्याला तारतो तो शेजारचा स्टँडर्ड, कारण तोही त्याच खोलीत, त्याच उकाड्यात बसलेला असतो.

मग गणित. टेस्टच्या रंगाला स्टँडर्डच्या रंगाने भागायचं आणि १०० ने गुणायचं. स्टँडर्ड ०.२५० आला आणि टेस्ट ०.३१५, तर साखर १२६. टेस्ट ०.३१२ आला, तर १२४.८, म्हणजे १२५. हजारातल्या तीन भागांचा फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला अर्धवट थेंब त्याहून मोठा फरक घडवतो. रिपोर्टवर मात्र एक आकडा १२६ च्या रेघेवर येतो, दुसरा तिच्याखाली राहतो. आणि घरी गेल्यावर एकाची ‘शुगर निघाली’ असते, दुसऱ्याची नाही. पत्रकात हा अनर्थ कुठेच लिहिलेला नाही, पण गणिताची ती ओळ उलगडून पाहिली की तो समोर उभा राहतो.

कार्यक्षमतेच्या भागात पत्रक पहिल्यांदा स्वतःविषयी बोलतं. बऱ्याच किटांची मजल ५०० मिलिग्रॅमपर्यंत. त्यापुढे नमुना पातळ करून पुन्हा करा, असं ते सांगतं. ही कबुली मोठी आहे. ५०० च्या पुढे रंग येत नाही असं नाही, भरपूर येतो; पण तो साखरेच्या प्रमाणात वाढत नाही आणि तिथे आकडा छापणं म्हणजे अंदाज छापणं. याच भागात दुसऱ्या एका प्रस्थापित चाचणीशी केलेली तुलना येते. अमेरिकेत तर अशा चाचण्यांच्या मंजुरीचा सगळा डोलारा या तुलनेवर उभा आहे. १९७६ च्या वैद्यकीय उपकरणविषयक दुरुस्तीनंतर तिथे ‘५१०(के)’ नावाची वाट सुरू झाली: बाजारात कायदेशीरपणे असलेल्या एखाद्या जुन्या चाचणीच्या तोडीची आपली चाचणी आहे, हे दाखवून द्यायचं. ग्लुकोजच्या चाचण्या तिथे दुसऱ्या वर्गात मोडतात. मंजुरी मिळाली की तिचा सारांश तिथलं अन्न व औषध प्रशासन लोकांसाठी खुला करतं: जुनी चाचणी कोणती, साम्य काय, फरक काय, नमुने किती तपासले, कुठल्या पातळीला किती विचलन आलं. आपल्याकडच्या वाचकाच्या हाती येतो तो खोक्यातला कागदच.

आणि नेमक्या याच ठिकाणी या संयमी निवेदकाला थोडी मिरवण्याची हौस येते. सहसंबंधाचा गुणांक ०.९९, असं तो लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. सावध वाचकाने इथे थांबावं. समजा नवी चाचणी प्रत्येक नमुन्यात जुनीपेक्षा १० टक्के जास्त दाखवते. सगळे बिंदू एका सरळ रेषेत पडतील, गुणांक चक्क १ येईल, आणि तरीही ११५ साखरेचा माणूस १२६.५ वर जाऊन बसेल. दोन चाचण्या सोबत वाढतात-उतरतात, एवढंच हा गुणांक सांगतो. दोघी तोच आकडा देतात की नाही, हे सांगत नाही. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा मुद्दा सोडवून दाखवला, तरी पत्रकांतली ही जुनी खोड गेलेली नाही. खरं उत्तर त्याच्या शेजारच्या, कमी मिरवणाऱ्या आकड्यांत असतं: रेषेचा उतार १ च्या किती जवळ आणि ती शून्यापासून किती दूर सुरू होते.

पण या गद्याची उंची कळते ती ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली. बाजारात विकायच्या वस्तूने आपण कुठे कुठे फसू शकतो याची यादी स्वतःच छापून द्यावी, हा प्रकार दुर्मीळ. क जीवनसत्त्व भरपूर असेल तर ते पेरॉक्साइड मधल्यामध्ये खाऊन टाकतं, रंग कमी येतो, साखर आहे त्यापेक्षा कमी दिसते. कावीळ झालेल्याच्या रक्तातलं बिलिरुबिन असाच घोळ घालतं. रक्त ओढताना पेशी फुटून नमुना हिमोलाइज्ड झाला असेल, किंवा जेवणानंतरच्या चरबीने प्लाझ्मा दुधासारखा गढूळ असेल, तर प्रकाशाची वाट अडते. यातला प्रत्येक पदार्थ किती मिलिग्रॅमपर्यंत चालतो, तोही आकडा चांगल्या पत्रकात दिलेला असतो. कुठल्या वेळी आपल्यावर विश्वास ठेवू नये, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा निवेदक विश्वासाला पात्र ठरतो.

हा भाग न वाचल्याची किंमत काय असते, ते घरगुती ग्लुकोमीटरच्या एका जातीने दाखवून दिलं. तिच्या पट्टीवर ‘जीडीएच-पीक्यूक्यू’ नावाचं वेगळं विकर होतं, जे माल्टोजलाही ग्लुकोज समजायचं. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांना इकोडेक्स्ट्रिनचं द्रावण देतात आणि शरीरात त्याचं माल्टोज होतं. पट्टीवर साखर भरमसाट दिसायची, त्यावर इन्सुलिन दिलं जायचं, आणि खरी साखर मात्र आधीच खाली असायची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. १९९७ पासून १३ मृत्यू नोंदले गेले होते. ती यंत्रं बेकायदा नव्हती. नडलं ते मर्यादा आणि रुग्ण यांची गाठ घालून न दिल्यामुळे.

१२६ ही रेघ स्वतः पत्रकाची नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९७ साली ती १४० वरून खाली आणली. किट तेच, रंग तोच, पण आदल्या दिवशी निरोगी असलेली कितीतरी माणसं दुसऱ्या दिवशी मधुमेही ठरली. पत्रक या वादात पडत नाही. सामान्य पातळीचा एक पट्टा देतं आणि प्रत्येक लॅबने आपल्या लोकांसाठी स्वतःचा पट्टा ठरवावा, असं सुचवून मोकळं होतं. रिपोर्टचा अर्थ लावण्याचं काम त्याने जाणून दुसऱ्याकडे सोपवलं आहे. तो दुसरा कोण, हे आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. त्यापलीकडे रोजचं कंट्रोल सॅम्पल लावणं, किंवा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता तपासणीत भाग घेणं, ही कामं परवाना करून देत नाही. ती लॅबला स्वतः करावी लागतात.

तक्रार आहे ती या गद्याच्या वाचकवर्गाबद्दल. कागद बहुधा इंग्रजीत, टाइप भिंगाखाली धरावा असा. विट्यातला लॅबतंत्राची पदविका (डीएमएलटी) घेतलेला मुलगा कृती सीनियरकडून तोंडी शिकतो आणि ‘मर्यादा’ त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. रुग्णापर्यंत तर त्यातला एक शब्दही जात नाही. त्याच्या हातात नुसता आकडा पडतो. उसाच्या पावतीवर गाडीचं भरलेलं वजन, रिकामं वजन आणि वेळ वाचून घेणाऱ्या माणसाला रक्ताच्या पावतीवरही एवढा तपशील मागण्याचा हक्क आहे. रिपोर्टच्या तळाशी मराठीत चार ओळी पुरतील: रक्त किती वाजता घेतलं आणि पेशींपासून किती वाजता वेगळं केलं, पद्धत कोणती, नमुना फुटलेला किंवा गढूळ होता का, आणि आकडा १२६ च्या अलीकडे-पलीकडे असून त्रास काही नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याखेरीज मधुमेहाचा शिक्का मारून घेऊ नका. यातलं काहीही नव्याने शोधायचं नाही. बरंचसं खोक्यातल्या कागदाने सांगून ठेवलं आहे, उरलेलं लॅबच्या वहीत आणि डॉक्टरच्या डोक्यात आहे. ते रुग्णाच्या कागदावर उतरवायला कुठल्या परवान्याची गरज नाही.